'मशरूम' या शब्दाचे मूळ शेवाळात आहे का?

शब्दवेध:
आठवीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "इंग्रजीत 'मश' म्हणजे लगदा आणि 'रूम' म्हणजे खोली, मग मशरूम म्हणजे लगद्याची खोली का?" या शब्दात लगदाही नाही आणि खोलीही नाही, एवढे मी तिला लगेच सांगितले. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत तो 'मुशेरॉन'सारख्या रूपांत दिसतो आणि तो फ्रेंच 'मूसरों'वरून आला आहे. त्याच्याही मागे फ्रेंचमधला 'मूस', म्हणजे शेवाळ, हा शब्द असावा असे माझे मत आहे, कारण ओलाव्यात उगवणाऱ्या अळंबीला तिच्या जागेवरून नाव पडणे अगदी स्वाभाविक आहे.

कुरणवाट:
शेवाळाचे मूळ मला मान्य नाही. फ्रान्समध्ये आजही ज्या अळंब्यांना मूसरों म्हणतात, त्या कुरणातल्या गवतात रिंगण धरून उगवतात. शिवाय उत्तरकालीन लॅटिनमध्ये अळंबीसाठी 'मुसिरिओ' हा शब्द आहे, तर 'मूस' हा फ्रँक लोकांच्या जर्मनिक बोलीतून फ्रेंचमध्ये आला असे मानले जाते. म्हणूनच काही अभ्यासक 'मुसिरिओ' हा लॅटिनच्याही आधीचा स्थानिक शब्द मानतात आणि मला तेच पटते. शेवाळाशी नाते पुढे ध्वनिसाम्यामुळे जोडले गेले असावे. तुमच्या विद्यार्थिनीने 'रूम'चे जे केले, तेच फ्रेंचांनी 'मूस'चे केले.

शब्दवेध:
रिंगणाचा मुद्दा बिनतोड आहे, पण जुन्या ओलसर कुरणात गवताच्या बुडाशी शेवाळ असतेच, आणि उत्तरकालीन लॅटिनच्या काळात फ्रँक लोक गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, येऊन पोहोचलेलेच होते. त्यामुळे शेवाळ पूर्णपणे बाद करायला मी तयार नाही. शेवटच्या 'न'चा 'म' झाला, याबद्दल मात्र वाद नसावा: फ्रेंच 'व्हनँ'चे इंग्रजीत 'व्हेनम' झाले आणि 'रांसों'चे 'रॅन्सम' झाले, तसेच इथेही घडले.

रानवाटा:
मुळाइतकाच अर्थाचाही विचार व्हावा. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत एका रात्रीत वर आलेल्या माणसाला 'मशरूम' म्हणत, आणि त्यात तुच्छता होती. आज मात्र 'मशरूम होणे' म्हणजे झपाट्याने वाढणे, एवढाच अर्थ बहुधा असतो. त्याचे भाषांतर 'कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले' असे करणे मला चुकीचे वाटते, कारण आपल्या वाक्प्रचारातली हेटाळणी अजून ताजी आहे.

कुरणवाट:
इथे मी उलट बाजूला आहे. बेकायदा बांधकामांच्या बातमीत इंग्रजी लेखकालाही हेटाळणीच अभिप्रेत असते, आणि तिथे 'झपाट्याने वाढली' हे भाषांतर मिळमिळीत ठरते. इंग्रजीत विषारी छत्रीला 'टोडस्टूल', म्हणजे भेकाची बैठक, म्हणतात आणि आपण कुत्र्याची छत्री म्हणतो. न खाण्याजोगीला प्राण्याच्या नावे टाकायची रीत दोन्हीकडे आहे. गोव्यात पावसाळ्यात वारुळावरची अळमी पानात बांधून विकायला येते, तिला मात्र कोणी छत्री म्हणत नाही.