प्रोस्टेटचा कॅन्सर आणि पथ्य: ताटातून अजून काय काय काढणार?

पाटा_वरवंटा (धागाकर्ता)

बाबांना (वय ७४) प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन चालू आहे, पीएसए (रक्त तपासून कळणारी या आजाराची खूण) खाली आलाय, डॉक्टर समाधानी आहेत. घरात मात्र पथ्याचं रामायण. आत्याने दूध बंद करायला लावलं, आतेभावाने साखर. सोसायटीतल्या एका काकांनी लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा आणून दिला. अंडं केव्हाच हद्दपार. सकाळी गव्हांकुराचा रस, दुपारी उकडलेला दुधी, रात्री मुगाचं पाणी. बाबांच्या मांड्या सुकल्यात, खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. आणि सगळे म्हणतात, "बघ, वजन कसं उतरलं!"

माझं मत स्पष्ट आहे. जेवणाने ही गाठ विरघळत नाही. इंजेक्शनमुळे टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद पडतं, त्याने हाडं विरळ होतात, स्नायू झडतात, चरबी आणि साखर वाढते. ताट वाढायचं ते हे बघून: डाळ, अंडं, दही, नाचणी. २०२० साली अमेरिकेतल्या ४७८ रुग्णांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. निम्म्यांना दोन वर्षं रोज भरपूर भाज्या खायला लावल्या होत्या. आजार पुढे सरकण्यात काही फरक पडला नाही.

रानभाजी

असहमत. तुम्ही सांगता त्या प्रयोगातले रुग्ण सौम्य आजाराचे, उपचार न करता नुसत्या देखरेखीवर असलेले होते. तो निकाल तुमच्या बाबांना जसाच्या तसा लावता येत नाही. आणि लावायचाच असेल तर २००५ चा डीन ऑर्निश या अमेरिकन डॉक्टरचा अभ्यासही घ्या. असेच देखरेखीवरचे ९३ पुरुष, त्यातल्या निम्म्यांना पूर्ण शाकाहार, दूधही बंद. वर्षभरात त्यांचा पीएसए सरासरी ४ टक्के उतरला, बाकीच्यांचा ६ टक्के चढला.

दुसरं म्हणजे, "काहीही खा हो" म्हणून डॉक्टर पुढचा पेशंट बोलावतात. माणसाच्या हातात स्वतःचं असं काहीतरी लागतं की नाही? पथ्य ते देतं.

पाटा_वरवंटा

ऑर्निशच्या गटाला रोजचं चालणं, योग, ध्यान, गटात बसून बोलणं असं सगळं एकत्र दिलं होतं. श्रेय एकट्या भाजीला कसं? आणि पीएसए चार टक्के उतरणं म्हणजे आयुष्य वाढणं नव्हे. हातात काहीतरी हवं हे शंभर टक्के मान्य. मग बाबांच्या हातात पाण्याच्या दोन बाटल्या देऊन व्यायाम करून घेऊ, काढ्याचा पेला कशाला?

बांगडाप्रेमी

आमच्या रत्नागिरीच्या बाजूने एक मुद्दा. २०२४ च्या शेवटी कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापून आला. देखरेखीवरचे १०० रुग्ण, निम्म्यांना तळकट आणि ओमेगा-६ वालं तेल कमी, मासे आणि फिश ऑइल जास्त. वर्षाने गाठीतल्या पेशी वाढण्याची खूण १५ टक्के कमी, उरलेल्यांत २४ टक्के जास्त. गाठीची ग्रेड (ती किती आक्रमक आहे याची पायरी) मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली, तेव्हा ढोल वाजवायला नको. पण बांगडा खायला निमित्त मिळालं. फक्त तो सूर्यफुलाच्या तेलात कुरकुरीत तळून "ओमेगा-३ खाल्लं" म्हणू नका, तिरफळ घालून कालवण करा.

रानभाजी

शाकाहाऱ्यांसाठी जवस! २००८ च्या एका अभ्यासात ऑपरेशनआधी महिनाभर रोज ३० ग्रॅम जवसाची पूड दिली, गाठीतल्या पेशींची वाढ मंद दिसली. आपल्याकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातातच.

पाटा_वरवंटा

जवसाच्या चटणीला माझा कधीच विरोध नव्हता. भाकरी बंद करून नुसती चटणी चाटायला लावण्याला आहे.

केमिस्ट_काकू

तुम्ही दोघं भांडा, मी काउंटरवरचं सांगते. आजार पुढे गेला की बऱ्याच जणांना टेस्टोस्टेरॉन आणखी दाबणाऱ्या अ‍ॅबिराटेरॉन गोळ्या सुरू होतात. नेहमीच्या डोसला त्या उपाशीपोटी घ्यायच्या: आधी दोन तास आणि नंतर एक तास पोटात काही नको. तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतल्या तर औषध दहापटीपर्यंत जास्त शोषलं जातं. (डॉक्टरांनी मुद्दाम कमी डोस जेवणासोबत दिला असेल तर गोष्ट वेगळी.) सोबतचं प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) मात्र खाऊन घ्यायचं. परवाच एक गृहस्थ सगळ्या गोळ्या एकदम, शिऱ्याबरोबर घेत असल्याचं कळलं. घरात दुधावर बंदी, आणि याकडे कोणाचं लक्ष नाही!

शिवाय या गोळीने लिव्हरवर ताण येऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहतात. त्यात काढा घातला आणि रिपोर्ट बिघडला, तर दोष कोणाचा हे डॉक्टरला कसं कळणार? काय काय पाजताय ते त्यांना सांगा तरी.

दुकानातली_शक्ती

मग व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम? आमचे मेव्हणे घेतात, "नॅचरल आहे" म्हणून.

केमिस्ट_काकू

अमेरिकेत ३५ हजारांहून जास्त निरोगी पुरुषांना हेच देऊन बघितलं. २०११ चा निकाल: नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त. सेलेनियमचा उपयोग नाही. मेव्हण्यांना दाखवा.

रानभाजी

गोळ्यांची बाजू मीही घेत नाही. पण एक मुद्दा कोणी बोललंच नाही. या आजारात बरेच पुरुष शेवटी कॅन्सरने जात नाहीत, हृदयविकाराने जातात. हार्मोनच्या इंजेक्शनने साखर आणि चरबी वाढते हे पाटा_वरवंटा स्वतःच म्हणतात. मग भाज्या, कडधान्यं, कमी तेल हे कॅन्सरसाठी नसेल, हृदयासाठी तरी हवंच ना? दुधाबद्दलही, जास्त दुधाचा आणि या कॅन्सरचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय. ठाम नाही, पण आहे.

पाटा_वरवंटा

हृदयाचं पटलं. दुधाचं नाही. तो संबंध कॅन्सर होण्याशी, झाल्यानंतरचा प्रश्न वेगळा. इथे हाड मोडण्याची भीती समोर उभी आहे. खुब्याचं हाड मोडलं की ७४ व्या वर्षी पुढचं काय ते सगळ्यांना माहीत आहे. दोन वाट्या दही सुरू केलंय, अंडंही. आत्या बोलत नाहीये सध्या. हाडं किती विरळ झालीत ते बघणारा डेक्सा स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे.

रानभाजी

त्याच फेरीत लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पण करून घ्या. आणि दही साय काढलेल्या दुधाचं लावा, तेवढं तरी ऐका.

केमिस्ट_काकू

आणि व्हिटॅमिन डी.