लोणच्याच्या बाटलीचा वास जाता जात नाही, काय करू?

कावेरी२७:
मंडळी, मदत हवीय. जॅम, मध, कॉफी, लोणचं, कसलीही काचेची बाटली रिकामी झाली की टाकवत नाही, धुऊन ठेवते. आता सिंकखाली दुकान झालंय. नवरा म्हणतो भंगारवाल्याला दे, तर तो काच म्हटलं की तोंड वाकडं करतो. मग ठरवलं की प्लास्टिकचे डबे हळूहळू काढायचे आणि सुकं सामान ह्या बाटल्यांत भरायचं. पहिली घेतली ती कैरीच्या लोणच्याची, तीनदा साबणाने घासली, दोन दिवस उन्हात ठेवली, नाक घालून बघितलं तर काही नाही, म्हणून बडीशेप भरली. आठवड्याने मामेसासरे जेवायला आले, जेवण झाल्यावर चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाले, "सूनबाई, ही लोणच्यातली वेचून काढलीत का?" हसावं की रडावं कळेना. काचेला वास धरत नाही म्हणतात ना? आणि अजून एक, लेबल निघतं पण खालचा चिकटा काही केल्या जात नाही.

मुळशीकर:
काचेला नाहीच धरत, वास झाकणाला आहे. झाकण उलटं करून बघा, आत कडेने मऊ रबरासारखी रिंग असते, ती तेल आणि मसाला पिऊन बसते. खात्री करायची तर झाकण एका डब्यात आणि बाटली दुसऱ्या डब्यात रात्रभर बंद ठेवा, सकाळी दोन्ही हुंगा. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून झाकण रात्रभर बुडवा, मग कडक ऊन दाखवा. वास कमी होतो, पण कैरीचं लोणचं वर्षभर राहिलं असेल तर पूर्ण जात नाही, माझा अनुभव. आमच्याकडे लोणच्याची बाटली पुढेही लोणच्यालाच. आणि झाकणाला आतून गंज दिसला तर सरळ फेका, मीठ आणि आंबट लागलं की पत्रा खाल्ला जातो.

चुलीजवळची:
आमची आजी लोणच्याची बरणी भरायच्या आधी निखाऱ्यावर हिंग टाकून त्याच्या धुरावर बरणी पालथी धरायची, आणि तोंडाला दादरा बांधायची. पण ती चिनी मातीची बरणी हो! जॅमच्या बाटलीवर हा प्रयोग करू नका, तडकेल.

तडकण्यावरून माझं सांगते. मागच्या दिवाळीत तूप कढवलं आणि घाईत गाळून थेट मधाच्या बाटलीत ओतलं. टिक् असा बारीक आवाज झाला, मी म्हटलं काय वाजलं, बाटली उचलली तर बूड ओट्यावरच राहिलं, अगदी कापल्यासारखं गोल, आणि अर्धा किलो तूप गॅसखाली, ड्रॉवरमध्ये, पायावर. नशीब भाजलं नाही फार. आतली काच एकदम तापून फुगते आणि बाहेरची गारच असते, त्या ताणाने फुटते, बोरोसिलची गोष्ट वेगळी. आता तूप हात लावता येईल इतकं कोमट झाल्याशिवाय ओतत नाही.

निगुतीने:
चिकट्यासाठी पाणी नको, तेल हवं. लेबल सोललं की जागा कोरडी करायची, खोबरेल आणि खायचा सोडा कालवून लेप द्यायचा, अर्ध्या तासाने जुन्या घासणीने गोल गोल चोळायचं. नंतर साबण. पाच मिनिटांचं काम आहे, उगाच सुरीने खरवडू नका, चरे पडतात.

बाटल्या ओट्यावर उघड्या मांडायच्या असतील तर तिखट आणि हळद त्यात नको. उजेडाने रंग उडतो, संकेश्वरी लाल असते ती विटकरी होते. कपाटात बंद असेल तर हरकत नाही. इन्स्टावर दिसायला छान दिसतं तो भाग सोडा.

राईनकाठ:
जर्मनीत राहते, इथे दह्याच्या काही काचेच्या बाटल्या १५ सेंट डिपॉझिटच्या असतात, त्या दुकानात परत जातात, बाकीच्या माझ्या घरात. नुसती झाकणं सुटी मिळतात हो! फिरवून लागणाऱ्या झाकणांचे व्यास ठरलेले असतात, ५३, ६३, ७०, ८२ मिमी वगैरे. पट्टीने जुन्या झाकणाचा आतला व्यास मोजा आणि त्या जवळपासचं मागवा, भारतातही ऑनलाइन मिळतात. बाटली जुनी, झाकण नवं, वासाचा प्रश्नच मिटला.

मुळशीकर:
हे माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं चांगल्या बाटल्या फेकल्या.

गडबडगुंडा:
स्टीलचे डबे घ्या, फुटत नाहीत, वास नाही, मोजमाप नाही. एवढा खटाटोप कशाला 😀

चुलीजवळची:
@गडबडगुंडा स्टीलच्या डब्यात काय संपलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही ना. आमच्याकडे पोहे करायला घेतले की कळतं शेंगदाणे नाहीत.

कावेरी२७:
सगळ्यांना धन्यवाद! झाकणं वेगळी ठेवून बघितली, बाटली स्वच्छ आणि झाकणाच्या डब्यातून भपकन कैरी. खोबरेल-सोड्याने तर कमाल झाली, सात बाटल्या चकाचक. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मोजलं, चार बाटल्या ६३ च्या निघाल्या, दोन कशातच बसत नाहीत, त्यात सध्या चमचे उभे केलेत. झाकणं मागवली. आता एकच प्रश्न, ती पाव किलो बडीशेप आहे तिचं काय करू?

निगुतीने:
मिरचीच्या लोणच्यात घाला.