मदत हवी आहे: अम्युझमेंट पार्कच्या वार्षिक पासच्या सवलती मध्येच काढून घेतल्या, दाद कुठे मागायची?

कोरांटी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, नाहीतर नेमका सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

आम्ही ठाणे जिल्ह्यात राहतो. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. मे महिन्यात एका पार्कचे वार्षिक पास काढले, पाचही जणांचे. मिळून साधारण ३२ हजार रुपये झाले. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार अजून लेखी स्वरूपात त्यांच्याकडे गेलेली नाही.

पास विकताना दिलेल्या पत्रकात ठळक अक्षरांत होतं: वर्षभर कुठल्याही दिवशी प्रवेश, पार्किंग मोफत, पार्कातल्या सर्व उपाहारगृहांत बिलावर २० टक्के सूट, आणि दर तीन महिन्यांनी एका पाहुण्याला निम्म्या दरात तिकीट. सासूबाई कुठल्याही राइडमध्ये बसत नाहीत. त्यांचा पास आम्ही काढला तो नातवंडांबरोबर दिवस घालवता यावा आणि जेवणाखाण्यात थोडे पैसे वाचावेत म्हणून.

पावसाळा संपेपर्यंत सगळं ठीक होतं. त्यानंतर एकदा गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सूट आता एकाच फूड कोर्टात मिळते, तीही ५०० रुपयांच्या वरच्या बिलावर, आणि कॉम्बोवर अजिबात नाही. ते फूड कोर्ट आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तीनला बंद होतं. पासवाले तर गर्दी टाळून मधल्या दिवशीच येतात! पार्किंगचे पैसेही घेतले. दिवाळीच्या सुट्टीत तर गेटवरच पास लाल दिसला. "या तारखांना पास चालत नाही, अ‍ॅपवर सूचना दिली होती," एवढंच उत्तर. पास घेताना माझा मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही त्यांनी लिहून घेतले आहेत. त्या नंबरवर थर्टी फर्स्टच्या पार्टीच्या जाहिराती नियमित येतात. मग आमच्या हक्काच्या गोष्टी बदलल्याचा एक साधा एसएमएस का येऊ नये? मुलं सकाळपासून तयार होऊन बसली होती. गेटवरून परत फिरताना त्यांना काय सांगायचं हे कळत नव्हतं.

सगळ्यात जास्त जीव तुटला तो जेवणावरून. सासूबाईंना मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही म्हणून बॅग तपासताना त्यांचा दशम्या आणि कोरड्या भाजीचा डबा काढून ठेवायला लावला. आत पिझ्झा, फ्राइज, बर्गर, गोड सरबतं. आधी एका स्टॉलवर साबुदाण्याची खिचडी आणि दहीभात मिळायचा, तो स्टॉल बंद केलाय. रांगेत अर्धा-पाऊण तास जातो. त्या दिवशी त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी घाबरले. जवळच्या स्टॉलवरून केळं आणून दिलं, मग जरा बरं वाटलं.

पासच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलंय: "पूर्वसूचना न देता सवलतींत बदल करण्याचा अधिकार व्यवस्थापन राखून ठेवत आहे." एवढ्या एका ओळीवर त्यांना काहीही बदलता येतं का? आजारी माणसाचा डबा अडवता येतो का? आत पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकतात, तेही चालतं का? आणि सुरुवात कुठून करू? वकील करण्याची ऐपत नाही.

सह्यकडा

कोरांटीताई, आधी पुरावे गोळा करा, बाकी सगळं नंतर. ते पत्रक, पैसे भरल्याची पावती, पासच्या दोन्ही बाजूंचे फोटो, खरेदीच्या वेळी आलेला ईमेल. वेबसाइटवर आज काय लिहिलंय त्याचे तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढा, कारण ते पान उद्या बदलू शकतं. पार्किंगची पावती आणि सूट नाकारलेलं बिलही जपून ठेवा.

आता त्या बारीक ओळीबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'अनुचित करार' ही स्वतंत्र कल्पना आणली आहे, कलम २(४६). ग्राहकाचं नुकसान करणारी अवाजवी अट लादणं त्यात येतं. म्हणजे अट छापली म्हणून ती आपोआप न्याय्य ठरत नाही. मात्र केवळ 'करार अनुचित आहे' अशी तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात (ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारं जिल्ह्याचं न्यायपीठ) चालत नाही, ती राज्य ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते. म्हणून माझा सल्ला असा, की तक्रार सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर उभी करा. पत्रकात 'सर्व उपाहारगृहांत' आणि 'कुठल्याही दिवशी' हे शब्द आहेत ना? तुमची सगळी ताकद त्या शब्दांत आहे.

जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. वकिलाची सक्ती नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचं कार्यालय कुठेही असलं तरी तुम्हाला ठाणे चालेल. मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन दाखल करायला ई-जागृती पोर्टल आहे.

त्याआधी मात्र कंपनीला लेखी पत्र, आणि उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शनही घेऊन बघा. १९७५ पासूनची संस्था आहे, अशा पत्रांचा त्यांना दांडगा अनुभव आहे.

निवांत

थोडी दुसरी बाजू मांडतो. पार्क चालवणं खर्चाचं काम आहे. पावसाळ्यात धंदा बसतो, विजेचं बिल थांबत नाही. तुम्ही तीन-चार फेऱ्या केल्या असतील तर पासचे पैसे केव्हाच वसूल झाले. थोड्या सवलती गेल्या तर एवढं मनाला लावून घेऊ नये असं वाटतं.

कोरांटी

निवांत, तुमचं म्हणणं समजलं. पुढच्या वर्षी त्यांनी दर वाढवावेत, सूट काढून टाकावी, मी तक्रार करणार नाही. घ्यायचा की नाही ते मी तेव्हा ठरवीन. पण मे ते मे या वर्षाचे पूर्ण पैसे त्यांनी आगाऊ घेतले आहेत. आगाऊ पैसे घेतल्यावर अटी बदलायच्या, आणि त्याही गिऱ्हाइकाला न सांगता, हे मला पटत नाही. किती फेऱ्या झाल्या याचा इथे संबंध येत नाही.

दुपारची_शिफ्ट

मी एका पार्कच्या खाद्यविभागात काही वर्षं हिशेबाचं काम केलंय (तुम्ही म्हणताय ते हेच की दुसरं, माहीत नाही). असं का होतं ते सांगतो.

बरेचसे स्टॉल पार्कचे स्वतःचे नसतात. बाहेरचे ठेकेदार चालवतात आणि पार्कला भाडं किंवा विक्रीतला हिस्सा देतात. पासवाल्यांच्या सुटीचा भार कुणी उचलायचा हे त्या ठेक्यात ठरलेलं असतं. ठेका बदलला की नवा माणूस म्हणतो, २० टक्के माझ्या खिशातून जाणार नाहीत. मग सूट पार्कच्या स्वतःच्या एखाद्या फूड कोर्टापुरती उरते. पास विकणारा विभाग वेगळा, त्याला हे कळेपर्यंत जुनी पत्रकं वाटून झालेली असतात. तुमच्या बाबतीत असंच झालं असावं असा माझा अंदाज आहे. पण पैसे कंपनीने घेतलेत, त्यामुळे ठेकेदाराकडे बोट दाखवलं तरी तुम्ही ऐकून घेऊ नका.

मधल्या दिवशी रांग का लागते? स्वयंपाकाचा अंदाज तिकिटांच्या आगाऊ विक्रीवरून बांधतात. पासवाले आगाऊ काही कळवत नाहीत, थेट येतात. त्यामुळे माल कमी, माणसं कमी, आणि दीड वाजता गोंधळ. साडेअकरा-पावणेबाराला जेवून घेतलंत तर वेळ वाचेल. आणि काउंटरवरच्या पोरांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. ड्यूटी मॅनेजरला बोलवा, तक्रार वहीत नोंदवा आणि त्या पानाचा फोटो घ्या. वहीतली नोंद वरिष्ठांना वाचावी लागते.

खाऊचा_डबा

माझ्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे, त्यामुळे तुमचं वाचून पोटात कालवलं. आधी तब्येतीचं: इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं तर साखर झपाट्याने खाली जाते. ताट समोर आल्यावरच सुई घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. ग्लुकोज पावडर आणि बिस्किटं आजींच्या स्वतःच्या पिशवीत हवीत, तुमच्या नकोत. गर्दीत चुकामूक होते.

डब्याबद्दल कायदा आपल्या बाजूने फार स्पष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलं की सिनेमागृहांना बाहेरचं खाणं अडवता येतं. त्याच वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी मोफत मिळावं आणि तान्ह्या मुलांसाठी आईवडिलांना बेताचं खाणं नेता यावं, हेही नोंदवलं. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, पण पार्कवाले त्याचाच आधार घेतील. म्हणून मी हक्काची भाषा वापरत नाही. डॉक्टरांच्या लेटरहेडवर चार ओळी घेते: रुग्णाला ठरावीक वेळी ठरावीक आहार लागतो, सोबत डबा व औषध असणं आवश्यक आहे. आदल्या दिवशी ते पार्कला ईमेल करते आणि उत्तर छापून नेते. गेटवरच्या माणसाला वरून आलेला कागद दिसला की तो अडवत नाही. आम्हाला आजवर याचा उपयोग झालाय.

सह्यकडा

पाण्याच्या बाटलीचं राहिलं होतं. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एकाच वस्तूवर दोन वेगळ्या कमाल किमती छापायला वैध मापन शास्त्राच्या (म्हणजे वजनमापं आणि छापील किमतींच्या) नियमांनी १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल आणि उपाहारगृहांना छापील किमतीपेक्षा जास्त घेण्याची मुभा दिली, कारण तिथे पाण्याबरोबर बसायची जागा आणि सेवाही दिली जाते. गाड्यावरून नुसती बाटली हातात देणारा विक्रेता त्यात बसतो का, यावर वाद घालता येईल. बिल घ्या आणि वैध मापन शास्त्र विभागाकडे वेगळी तक्रार करा. पासच्या तक्रारीत हे मिसळू नका, मूळ मुद्दा पातळ होतो.

पॅसिफिककाठ

कॅलिफोर्नियातून लिहितोय. इथे जवळजवळ याच प्रकारचं प्रकरण कोर्टात गेलं होतं. २०२१ मध्ये डिस्नेलँडने 'मॅजिक की' नावाचे पास आणले. सगळ्यात महाग 'ड्रीम की' १,३९९ डॉलरचा, आणि त्यावर कुठल्याही तारखेला बंदी नाही अशी जाहिरात. प्रत्यक्षात आधी आरक्षण लागायचं, आणि पार्कची तिकिटं विक्रीला असलेल्या दिवशीही पासवाल्यांचं आरक्षण भरलेलं दिसायचं. एका पासधारक महिलेने दावा केला, तो सगळ्या ड्रीम कीवाल्यांच्या वतीने चालला. २०२३ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. माणशी रक्कम फार नव्हती, साधारण ६७ डॉलर. पण दावा उभा राहिला तो जाहिरातीतल्या शब्दांवरच. सह्यकडा म्हणतात ते बरोबर आहे, पत्रक सांभाळा.

तुमच्याकडेही असे शेकडो पासधारक असतील. भारतातल्या कायद्यात अनेकांनी मिळून तक्रार करायची सोय आहे ना?

सह्यकडा

आहे. सारखंच हित असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एकाला किंवा काहींना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते, कलम ३५(१)(क). पण त्यात वेळ जातो. आधी स्वतःची मार्गी लावा.

कोरांटी

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रक सापडलं! मुलांच्या चित्रकलेच्या फाइलमध्ये होतं. पत्राचा मसुदा असा केलाय, बघा बरं:

"आपल्याकडून मे महिन्यात पाच वार्षिक पास घेतले. सोबतच्या पत्रकात सर्व उपाहारगृहांत २० टक्के सूट, मोफत पार्किंग व वर्षभर कुठल्याही दिवशी प्रवेश असे नमूद आहे. या तिन्ही सवलती कोणतीही लेखी सूचना न देता कमी केल्या गेल्या. पासची मुदत संपेपर्यंत मूळ सवलती पूर्ववत कराव्यात, किंवा उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम परत करावी. घेतलेले पार्किंग शुल्क परत मिळावे. यापुढील प्रत्येक बदल नोंदवलेल्या मोबाइल व ईमेलवर कळवावा. मधुमेही सदस्याच्या डब्यास परवानगी द्यावी, डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. झालेल्या त्रासाबद्दल आपण माफी मागावी."

पावती माझ्या यजमानांच्या नावावर आहे आणि पास पाच वेगवेगळ्या नावांवर. मग तक्रार कुणी करायची? पाच वेगळी पत्रं लागतील का?

सह्यकडा

एकच पत्र पुरेल. पैसे भरणारा ग्राहक असतोच, आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारे कुटुंबीयही कायद्याने ग्राहकच. सही यजमानांची घ्या, पत्रात पाचही पासचे क्रमांक लिहा.

दोन दुरुस्त्या. उत्तरासाठी १५ दिवसांची मुदत द्या आणि ती न पाळल्यास ग्राहक आयोगात जाऊ असं स्पष्ट लिहा. माफीची ओळ काढा. ती राहिली तर ते नुसतं माफीपत्र पाठवून मोकळे होतील. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवा, पोच जपा आणि तेच ईमेलनेही पाठवा. मूळ पत्रक अजिबात देऊ नका, फक्त प्रत.

खाऊचा_डबा

आणि डब्याची मागणी वेगळ्या ईमेलने पाठवा, डॉक्टरांच्या पत्रासह. पैशांच्या तक्रारीला उत्तर द्यायला ते वेळ लावतील, आजींचा डबा तोवर अडकून राहायला नको.

कोरांटी

हो, हे दोन्ही वेगळं करते. शनिवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा पत्र घेईन. मोठं पत्र सोमवारी पोस्टात टाकते. उत्तर आलं की इथेच लिहीन, म्हणजे पास काढायच्या विचारात असलेल्यांनाही कळेल.