मदत हवी आहे: मे महिन्याच्या उपग्रहचित्रात नागपूर आजूबाजूच्या शेतांपेक्षा थंड!

नमस्कार मंडळी,

उन्हाळ्यातल्या रात्री नागपुरातल्या पत्र्याच्या घरांत किती उष्मा साचून राहतो, याचा वस्तीवार नकाशा आम्ही काही जण करतोय. कुठल्या वस्तीत छपरांना आधी चुना मारायचा हे त्यावरून ठरणार, म्हणून आकड्यांबाबत फार काळजी आहे. रिमोट सेन्सिंगमधल्या (उपग्रह-ड्रोनच्या चित्रांवरून मोजमाप करणाऱ्या) जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांचं भूपृष्ठ तापमानाचं तयार उत्पादन (आधीच हिशेब करून दिलेली चित्रं) वापरतोय. एप्रिल-मेच्या निरभ्र दिवशी इतवारी-महाल हा दाट वस्तीचा भाग उमरेडकडच्या शेतांपेक्षा थंड येतो. कारण कळतं. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तोवर पीक निघालेली कोरडी काळी जमीन चांगलीच तापलेली असते. सिमेंट-विटा मात्र सावकाश तापतात, आणि अरुंद गल्ल्यांत सावली असते. तुलनेला काटोलकडच्या ओलिताच्या संत्राबागा घेतल्या की तेच शहर गरम ठरतं. मग शहराबाहेरचं तापमान म्हणून धरायचं कुठलं? मला तर वाटतं, बाहेरची तुलना सोडून सिव्हिल लाइन्स आणि सेमिनरी हिल्सच्या झाडीशीच इतर वस्त्या ताडून पाहाव्यात. हे शास्त्रात बसतं का?

खरा प्रश्न रात्रीचा आहे. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची रात्रीची चित्रं मिळतात, पण एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये वस्ती दिसतच नाही. अंतराळ स्थानकावरच्या इकोस्ट्रेस या तापमान टिपणाऱ्या उपकरणाचा पिक्सेल सुमारे ७० मीटरचा, मात्र त्याची चित्रं जागेवरून सरकलेली येतात. रात्री अंबाझरी आणि फुटाळा तलाव भोवतालच्या जमिनीपेक्षा गरम दिसतात, तेव्हा त्यांच्या काठांवरून चित्र जुळवावं असा विचार आहे. कुणी असं केलंय का?

सगळ्यात अडलंय ते ड्रोनपाशी. त्यावरच्या थर्मल (उष्णता टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात रात्री नवे जस्ताचे पत्रे शेजारच्या स्लॅबपेक्षा कितीतरी थंड दिसतात. पत्रा लवकर निवतो हे खरं, पण चकचकीत पत्र्याची उत्सर्जनक्षमता (उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकण्याची क्षमता) फार कमी असल्यानं कॅमेऱ्याला त्यात थंड आकाशाचंही प्रतिबिंब दिसतं. गंजलेला पत्रा पुन्हा वेगळाच आकडा देतो. सगळ्या छपरांना काँक्रीटची ०.९५ ही उत्सर्जनक्षमता लावली तर नकाशा सांगेल की सर्वांत सुखी माणसं नव्या पत्र्याखाली झोपतात! हे मला अजिबात मान्य नाही.

काही छपरांवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे (तिची उत्सर्जनक्षमता जास्त असते) मोठे चौकोन चिकटवून, तिथलं तापमान थर्मोकपलनं (टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेनं) मोजून दुरुस्ती करता येईल का? चौकोन किती मोठा हवा? की छपराचा नाद सोडून घरांच्या आत तापमान नोंदवत राहणारे लॉगर टांगावेत, आणि ड्रोनचा उपयोग फक्त पत्रा, कौल, स्लॅब ओळखण्यापुरता ठेवावा?

ड्रोन परवानाधारक मित्राचा आहे आणि आगाऊ परवानगी न लागणाऱ्या ग्रीन झोनमध्येच उडवतो, त्यामुळे परवानगीची चर्चा इथे नको. कुणाला तपासायला हवी असतील तर मूळ थर्मल चित्रं पाठवतो.