जुन्या गाडीच्या ताठरलेल्या चामडी सीट: तेल लावावं की कव्हर उतरवावं?

जुनाबाक:
गाडी तीस वर्षांच्या आसपासची, सीटचं चामडं मूळचंच. बसायचा भाग ठीक आहे, पण पाठीचा वरचा भाग आणि मागच्या काचेखालचा पट्टा पुठ्ठ्यासारखा ताठ झालाय. अंगठ्याने दाबलं तर सुरकुती पडत नाही, अख्खा तुकडा एकदम वाकतो. चालकाच्या सीटला दाराकडच्या उंचवट्यावर बारीक भेगा आहेत. कंडिशनरचे दोन हात दिले. चकाकी आली, मऊपणा अजिबात नाही. आता नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) मुरवायचा विचार आहे. मुरेल का? की कव्हर उतरवून आतून काही करावं लागेल?

उलटीशिवण:
तेल थांबवा, आधी तपासणी करा. कंडिशनर वरच राहिलं याचा अर्थ बहुधा वरचा थर बंद आहे. गाड्यांच्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तो शाबूत असेल तर तेलाला आत जायला वाटच नसते.

ताठ भागावर आणि भेगांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा. पाच मिनिटांनी थेंब तसाच असेल तर थर बंद आहे. डाग गडद होऊन पाणी जिरलं तर उघडा आहे. मग सीटखाली हात घालून कव्हरची मोकळी कड शोधा आणि मागची बाजू बघा. तंतूंची लव दिसली तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झीन. सीटच्या बाजू आणि पाठीमागचा भाग पुष्कळदा मूळचाच रेक्झीनचा असतो. तिथे कंडिशनर घालणं म्हणजे बाटली वाया.

चामडं असेल तर ती कड हलकेच दुमडा. वाकून परत आली तर तंतू जिवंत आहेत. करकर आवाज येऊन चिरली किंवा लालसर भुकटी सुटली तर कुठल्याही द्रवाने ती परत येणार नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. काचेखालचा पट्टा उन्हाने आकसलाही असेल. शिवण ताणून टाक्यांची भोकं लांबट झाली असतील तर तीच खूण. आकसलेलं चामडं थोडं मऊ होतं, पण मूळ मापाला येत नाही.

वाफसा:
वरच्या तपासणीत चामडं जिवंत निघालं असं धरून पुढचं लिहितो.

कारखान्यात चामड्याच्या तंतूंमध्ये तेलाचं पाण्यातलं मिश्रण मुरवतात, म्हणून तंतू एकमेकांवर घसरतात. उष्णतेने ते तेल कमी होतं, ओलावा जातो आणि तंतू एकमेकांना चिकटतात. म्हणून मेणाचं क्रीम इथे चालत नाही. पाण्यात मिसळलेलं, दुधासारखं पातळ कंडिशनर घ्या. दोन पुढच्या सीट आणि मागच्या बाकाला सगळ्या फेऱ्या मिळून साधारण अर्धा लिटर पुरतं.

खरी मेहनत सफाईत आहे. अंगाचं तेल आणि जुन्या पॉलिशचा थर निघाल्याशिवाय काही आत जात नाही. चामड्याचा क्लीनर ब्रशवर घेऊन फेस करा आणि हातभर भागावर मऊ ब्रशने गोल फिरवा. द्रव सीटवर ओतू नका, जाळीच्या छिद्रांच्या चामड्यावर तर मुळीच नाही. तो थेट फोममध्ये जातो. फेस लगेच टिपा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा. फडकं पांढरं राहीपर्यंत हेच. अंगाचा किंवा कपड्यांचा साबण वापरू नका. चामडं आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३.५ ते ५, आणि या वड्या अल्कधर्मी.

पूर्ण सुकल्यावर हेअर ड्रायरने सीट कोमट करा, तळहात आरामात टेकेल इतपतच. ओल्या चामड्यावर गरम हवा मारू नका, ते आकसतं. कंडिशनरचा पातळ हात हाताने चोळा, वर पातळ प्लॅस्टिक पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं टिपून घ्या. अर्धवट सुकलेलं असताना ताठ भाग दोन्ही अंगठ्यांनी आडवा-उभा मळा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, पण चिकटलेले तंतू सुटतात ते याच मळण्याने. कारखान्यातही सुकलेलं चामडं यंत्राने असंच लवचीक करतात. एक दिवस मध्ये सोडून पुन्हा करा. तीन-चार फेऱ्या लागतात. पृष्ठभाग चिकट राहू लागला की थांबा.

उलटीशिवण:
प्लॅस्टिकबद्दल एक भर: उन्हात तापलेल्या बंद गाडीत ते लावून ठेवू नका. ओलावा शिवणीत कोंडतो आणि जुना सुती दोरा असेल तर कुजतो.

नीट्सफूटचं म्हणाल तर ते घोड्याच्या साजासारख्या उघड्या चामड्यासाठी ठीक. सीटमध्ये ते भेगांतून फोममध्ये उतरतं, उन्हाळ्यात परत वर येऊन कपड्यांना लागतं, आणि त्यावर पुढे रंग धरत नाही. जवसाचं तेल तर हवेने घट्ट होऊन चामडं आणखी कडक करतं.

जुनाबाक:
तपासलं. पाठीवर थेंब तसाच राहिला, भेगांत जिरला. कड दुमडली तर वाकते, चिरत नाही. कव्हर उतरवून मागून लावलं तर?

वाफसा:
मग मागूनच लावा, ताठ पाठीला तोच खरा उपाय. पण आधी त्या मोकळ्या कडेला आतून फोमचा पातळ थर चिकटवलेला नाही ना, ते बघा. असेल तर मागूनही वाट नाही, फक्त वरून मळत राहणं उरतं.

सीट काढायच्या आधी बॅटरीची ऋण तार सोडा आणि किमान दहा मिनिटं थांबा. सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो. सीट बाहेर असताना इग्निशन सुरू करू नका, नाहीतर इशाऱ्याचा दिवा लागून राहील. हॉग रिंगा (कव्हर आतल्या तारांना बांधणाऱ्या धातूच्या छोट्या कड्या) कापून काढा, आतल्या तारा जपून ठेवा आणि कुठली कुठे होती त्याचे फोटो घ्या. कंडिशनर लव असलेल्या बाजूला फवारा, चिंब करू नका. कव्हर सपाट ठेवून सावलीत सुकवा आणि मळा. तेवढ्यात फोमही दाबून बघा. भुकटी होत असेल तर नुसतं चामडं मऊ करून बैठक सुधारणार नाही.

रंगपट्टी:
भेगांचं काम सगळ्यात शेवटी, आणि कंडिशनरनंतर निदान आठवडाभर थांबून. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन तो भाग पुसा. तेलाचा अंश राहिला तर रंग पापुद्र्याने सुटतो. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने भेगांच्या उठलेल्या कडा बसवा. लवचीक फिलरचे पातळ हात द्या, प्रत्येक सुकल्यावर घासा. एकाच जाड हातात भेग भरली तर पहिल्यांदा बसतानाच ती फुटते. मग पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग स्पंजने टिपत तीन ते पाच पातळ हात, मध्ये ड्रायर. रंग आधी सीटखालच्या कडेवर लावून, सुकल्यावर जुळवा. ओला असताना छटा वेगळी दिसते. शेवटी मॅट लॅकर. सीटवर बसायला दोन दिवस थांबा, ओल्या फडक्याने पुसायला आठवडा.