रंगावर जाऊ नका, आधी नंबर बघा
रिसीव्हरचा (रायफलीचा मधला पोलादी भाग, ज्यात बॅरल आणि बोल्ट बसतात) रंग बघून ओरिजिनल हीट ट्रीटमेंट (पोलाद कडक करायला तापवून थंड करणं) ओळखता येते का, या प्रश्नाला स्प्रिंगफील्ड १९०३ या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलीपुरतं तरी माझं उत्तर नाही असंच आहे. या रायफली आर्सेनलमध्ये (लष्करी शस्त्र कारखान्यात) परत परत दुरुस्तीला जायच्या, फिनिश नव्याने व्हायचं, त्यामुळे वरचा रंग मूळचाच असेल याची गॅरंटी नाही. रिसीव्हरवरचा सीरियल नंबर बघा. या रायफली दोन कारखान्यांत बनायच्या: स्प्रिंगफील्डचा ८,००,००० च्या खालचा आणि रॉक आयलंडचा २,८५,५०७ च्या खालचा म्हणजे जुनी, एकाच टप्प्याची सिंगल हीट ट्रीटमेंट, आणि धोका त्यातच. आणि बॅरलवरची तारीख बघून फसू नका, बॅरल बदललेली असू शकते, रिसीव्हर तोच जुना.

आता मजा बघा, या जुन्या रिसीव्हरांचा घोळ झाला कशामुळे तर भट्टीवरचे कारागीर लोखंडाचा रंग डोळ्यांनी बघून तापमान ठरवायचे, आणि लख्ख उन्हात तापलेलं लोखंड कमी लाल दिसतं, म्हणून ते अजून तापवायचे आणि काही रिसीव्हर चक्क जळायचे. १९१७ मध्ये काही रिसीव्हर गोळी झाडताना फुटले तेव्हा पायरोमीटर (भट्टीचं तापमान मोजायचं यंत्र) लावून बघितलं तर तापमान अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघालं. मग १९१८ मध्ये दोन टप्प्यांची डबल हीट ट्रीटमेंट आली, निकेल स्टील (निकेल मिसळलेलं पोलाद) त्याच्याही नंतर.

रिसीव्हरवर कानस घासून कडकपणा बघा असं काही जण सुचवतात, तो उपायही इथे कामाचा नाही. त्याने फक्त वरची कडक साल कळते, आतलं पोलाद ठिसूळ झालंय का ते कळत नाही. आणि परत हीट ट्रीटमेंट करून जळलेलं पोलाद सुधारत नाही, ते करून बघितलं होतं आर्सेनलवाल्यांनी. तुमचा रिसीव्हर कमी नंबरचा असेल तर रायफल झाडू नका, ती भिंतीवरच शोभते.