नर्सिंगचं शैक्षणिक कर्ज: पुढच्या महिन्यात पहिला हप्ता, सल्ला हवा

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. नर्सिंगची पदवी घेऊन वर्ष होत आलं, नोकरीला पाच महिने झाले. आता कर्जाचे हप्ते सुरू होणार. काल उतारा काढला तर घेतलेल्या रकमेच्या १३५ टक्के देणं दिसलं! अजून एकही हप्ता चुकवलेला नाही, मग हे वाढलं कुठून?
शिवाय हॉस्टेलच्या खर्चासाठी एक छोटं वैयक्तिक कर्जही आहे, १६ टक्क्यांचं. शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांचं. मुदत १५ वर्षांची घ्यावी, की एजन्सीच्या जादा ड्यूट्या धरून १० वर्षांत मोकळं व्हावं? तिसरा पर्याय म्हणजे आमचं रुग्णालय निम्मं कर्ज फेडायला तयार आहे, पण तीन वर्षं तिथेच नोकरी करण्याच्या बॉण्डवर.

हिशेबी
उतारा बरोबर आहे. तुमचं कर्ज चार वर्षांत चार समान भागांत मिळालं असेल. १०० घेतले असं धरा. पहिल्या २५ वर चार वर्षांचं व्याज, दुसऱ्या २५ वर तीन वर्षांचं, असं करत कोर्स संपेपर्यंत २५ व्याज चढतं. कोर्सनंतर हप्ता न भरण्याची एक वर्ष सवलत असते, त्या वर्षाचे आणखी १०. झाले १३५. सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते, आणि हे सही करताना कोणी समजावून सांगत नाही. (धागा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनो, जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरत चला.)

आता मुदत. १० टक्के दराने १०० चं कर्ज १० वर्षांत फेडलं तर महिन्याला १.३२ आणि एकूण साधारण १५९ जातात. १५ वर्षांत महिन्याला १.०७, एकूण १९३. तरी मी १५ वर्षांचीच घ्या म्हणेन. मात्र मुदतीआधी फेडल्यास दंड नाही हे करारात बघून घ्या. दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात टाकला तर हेच कर्ज साधारण सव्वादोन वर्षं आधी संपतं. आणि वाईट महिना आला तर बांधील हप्ता लहानच राहतो.
पण जादा पैसा आधी त्या १६ टक्क्यांवर. रकमेने लहान असलं तरी दर एक रुपयामागे तेच जास्त खातं.

जुनी सिस्टर
हिशेबींना अनुमोदन. अगं, हप्ता फक्त मूळ पगारातून झेपेल एवढाच ठेव. नाइट अलाउन्स, ओव्हरटाइम, एजन्सी हे सगळं वरचं. मी उलटं केलं होतं. हप्ता भरायचा म्हणून दोन वर्षं सुट्टीच्या दिवशीही दुसरीकडे ड्यूटी. एका पहाटे इन्फ्युजनचा, म्हणजे शिरेतून औषध सोडण्याचा, वेग भलताच लावला होता, शेजारच्या मुलीने पाहिला म्हणून वाचले. दुसऱ्याच दिवशी एजन्सीला नकार कळवला. आजारी पडलीस की जादा ड्यूटी पहिली जाते, हप्ता मात्र तारखेला हजर.

बॉण्ड वाईटच असतो असं नाही. पण त्यांना हे विचार: पैसे थेट कर्ज देणाऱ्याकडे जाणार की तीन वर्षं पूर्ण झाल्यावर? मध्येच सोडलं तर झालेल्या नोकरीच्या प्रमाणात सूट, की सगळी रक्कम परत? आजारपण, बाळंतपण मोजणार का? आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायची नाहीत. नोंदणीचा कागद तर नाहीच नाही.

पैलतीर
मी अमेरिकेत आहे, इथलं उदाहरण देतो. ‘नर्स कोअर’ योजनेत परिचारिकांचा तुटवडा असलेल्या मान्य ठिकाणी दोन वर्षं काम केलं तर पात्र कर्जाचा ६० टक्के भाग सरकार भरतं, तिसऱ्या वर्षासाठी आणखी २५ टक्के. त्यावर कर मात्र लागतो. दुसरी योजना २००७ च्या कायद्यातली: सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं केंद्रीय कर्ज माफ. सुरुवातीच्या काळात बहुतेक अर्ज फेटाळले गेले. कुणाचे हप्ते पुरेसे नव्हते, कुणाचं कर्जच त्यात बसणारं नव्हतं. इथे कमी व्याजाच्या मोहाने खासगी कर्जात बदल करून घेतला तर या माफीचा हक्क कायमचा जातो. तुमच्याकडे अशी योजना असेल तर कर्ज दुसरीकडे वळवण्याआधी तेवढं तपासा.

रात्रपाळी
सगळ्यांचे आभार. सिस्टर, इन्फ्युजनचं वाचून पोटात गोळा आला. मीही मागच्या आठवड्यात सलग सहा नाइट केल्यात.
आज कर्जाच्या ठिकाणी फोन केला. दंड नाही. पण जादा भरलेली रक्कम आपोआप ‘पुढचा हप्ता’ म्हणून जमा होते. मुद्दलात वळवायची असेल तर दर वेळी लेखी कळवावं लागतं. म्हणजे न विचारता भरत राहिले असते तर!
१५ वर्षांची मुदत नक्की केली. बॉण्डचा मसुदा सोमवारी मागितलाय.

हिशेबी
लेखी कळवलंत की पोच घ्या, आणि पुढच्या उताऱ्यात मुद्दल खरंच कमी झालंय का ते बघा. मसुदा आला की नाव झाकून इथे टाका.